पुढच्याचा हात

माझा भाऊ रस्त्यावरचा आणि माझा नवरा डोंगरातला. एवढंच सांगितलं की लोक दचकतात, म्हणून पुढचं लगेच सांगून टाकते. दोघंही सायकलवाले. भाऊ बारीक चाकांची, वाकड्या हँडलची, एका हातानं उचलता येईल अशी सायकल डांबरावर पळवतो. नवरा जाड दातेरी चाकांची सायकल घेऊन दगडधोंड्यांतून खाली उतरतो आणि घरी येताना निम्मा डोंगर अंगाला लावून आणतो. मी सायकल चालवत नाही. घरात दोन वेडे पुरेत.

त्यातून दोघंही एकमेकांना ‘मेहुणे’ म्हणतात. नात्यानं बरोबर आहे, पण स्वयंपाकघरात ऐकणाऱ्याचं डोकं फिरतं. ‘मेहुणे, तुमच्या सायकलीला ऊन लागेल हो, सावलीत घ्या.’ ‘मेहुणे, तुम्ही आधी आंघोळ करा, मग माझ्या सायकलीबद्दल बोला.’ हे चहा होईपर्यंत चालतं. चहा झाला की पुन्हा पहिल्यापासून.

पण मला सांगायचंय ते दादाबद्दल.

दादाचं फ्रेमचं दुकान आहे. लग्नाचे फोटो, पदव्या, कोणाच्या मुलानं काढलेलं पहिलं चित्र, भिंतीवर जे जे लावायचं ते दादाकडे येतं. दुकान वडिलांचं. पुढे काउंटर, मागे लांबलचक टेबल, टेबलावर काच कापायची हिरकणी, भिंतीला उभ्या टेकवलेल्या लाकडी पट्ट्या आणि सगळ्यावर भुश्शाचा पातळ थर. दोन पट्ट्या तिरक्या कापून कोपऱ्यात जोडल्या की मधे केसभर फट राहता कामा नये, हा वडिलांचा हट्ट आणि तोच दादाचा. जोडलेल्या कोपऱ्यावरून तो नख फिरवून बघतो. नख अडलं की फ्रेम मोडून पुन्हा. गिऱ्हाईक म्हणतं, ‘अहो चालेल.’ दादा म्हणतो, ‘तुम्हाला चालेल हो, मला रात्री झोप लागणार नाही.’

वडील आम्हाला शाळेत सोडून दुकानात जायचे, सायकलवरून. मी पुढच्या दांडीवर, दादा मागे कॅरिअरवर. मागे बसणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, वडिलांची पाठ तेवढी दिसते. म्हणून खड्डा आला की वडील एक हात मागे नेऊन दादाच्या गुडघ्याला लावायचे. दादा लगेच बूड उचलायचा, त्यामुळे त्याला धक्का बसायचा नाही. मला मात्र बसायचा. मला पुढचं सगळं दिसतंय म्हटल्यावर मला कोण हात लावणार? दिसत असून आपटणारी या घरात मी एकटी.

तो हात दादानं उचलला आणि आयुष्यभर जपला. रस्त्यावरच्या सायकलवाल्यांचा कारभारच हातावर चालतो. दहा-वीस जण एकामागोमाग, चाकाला चाक लागेल इतके जवळून जातात. मागच्याला पुढचं चाक सोडून काही दिसत नाही, त्यामुळे सगळ्यात पुढचा जो, त्याचे डोळे म्हणजे सगळ्यांचे डोळे. डावीकडे खड्डा असला की पुढचा डावा हात खाली करून बोट दाखवतो. ते बघून दुसरा दाखवतो, मग तिसरा, असं करत खड्डा शेवटच्यापर्यंत पोचतो. उभी गाडी असली की पाठीमागे हात हलवायचा. थांबायचं असलं की पंजा उघडायचा. आणि पुढचा दमला की कोपर जरासं बाहेर काढून झटकतो, म्हणजे ‘तू ये आता पुढे’, आणि स्वतः बाजूला होऊन मागे मागे सरकत जातो. यात एक मोठा कायदा आहे. पुढच्यानं जे दाखवलं नाही ते दुसऱ्यानं दाखवायचं नाही. दाखवलं तर त्याचा अर्थ, पुढच्याला दिसत नाही. तो अपमान.

आपल्या गावातून बाहेर पडणारा रस्ता म्हणजे खड्ड्यांचं माहेर. तेवढा पट्टा कायम दादाचा. पुढे मोकळ्या रस्त्याला कोणीही पुढे येवो, पण गाव ओलांडेपर्यंत दादा. सवय अशी की घरात पाणी सांडलेलं असलं तरी दादा चालता चालता हात खाली करून मागच्याला बोट दाखवतो. त्याच्या लग्नात मांडवाची दोरी आडवी आली होती, तर नवरदेवानं नवरीला बोट दाखवलं. वहिनी अजून सांगते.

माझ्या नवऱ्याला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर कोंदट, काळ्याकुट्ट शाफ्टमध्ये लोंबकळायचं, मग रविवारी माणसाला डोंगर लागणारच. डोंगरात ज्याचा मार्ग त्यानं शोधायचा, बोटंबिटं नाहीत. काही दिसलं तर ओरडायचं. ‘मेहुणे, तुमचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण,’ तो म्हणायचा. दादा म्हणायचा, ‘तुमच्यात दाखवायला हात मोकळा कुठं असतो? दोन्ही हातांनी जीव धरून बसलेले असता.’

डोंगरवाल्यांचेही कायदे आहेतच. चढणाऱ्याला उतरणाऱ्यानं वाट द्यायची. ओल्या वाटेवर ब्रेक दाबून चर पाडायचे नाहीत. आणि वाट फुटते तिथे शेवटचा माणूस येईपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, मग तो कितीही रडतखडत येवो. रस्तेवाले मागे पडलेल्यासाठी थांबत नाहीत, त्यावरून नवरा दादाला फार टोचायचा.

रस्तेवाल्यांना हे लोक ‘इस्त्रीवाले’ म्हणतात आणि ते यांना ‘चिखल्ये’. गाव संपता संपता जिथे डोंगराची वाट डावीकडून डांबराला मिळते, तिथे चिखल्ये उतरून पाणी पीत उभे असतात, आणि त्याच वेळी इस्त्रीवाल्यांची रांग तिथून जाते. वर्षानुवर्षं दर रविवारी दादा तिथे हात वर करून ओरडायचा, ‘धुवून या रे!’ आणि चिखल्ये एका सुरात, ‘इस्त्री मोडेल हं!’ मग पुढे बेकरीत सगळे एकत्र चहा प्यायचे. तिथेही रीत होती. इस्त्रीवाल्यांच्या सायकली खिडकीखालच्या भिंतीला, चिखल्यांच्या गवतात. पंक्चर कोणाचंही असो, दुसऱ्या बाजूच्यानं थांबून ‘सगळं आहे ना?’ विचारायचंच. भांडायचं ते फक्त तोंडानं.

आणि वर्षातून एकदा जोडफेरी. दोन्हीकडचे मिळून बेकरीपर्यंत रस्त्यानं जायचे, तिथपर्यंत पुढे दादा. बेकरीपासून वर पाण्याच्या टाकीपर्यंत कच्ची वाट, तिथे पुढे माझा नवरा. ज्या बाजूचा माणूस टाकीला सगळ्यात शेवटी पोचेल ती बाजू हरली, आणि हरलेल्यांनी जिंकलेल्यांच्या सायकली धुवायच्या. कच्च्या वाटेवर बारीक चाकांची फजिती ठरलेली, त्यामुळे धुणं कोणाच्या वाट्याला यायचं ते सांगायला नको. धुलाई आमच्या अंगणात. पाणी माझं, चहा माझा आणि वर ‘जरा जागा करतेस का?’ हेही मलाच.

आता झालं काय, तर एका रविवारी दादा ओरडलाच नाही. चिखल्यांनी हात वर केले, दादा सरळ पुढे निघून गेला. पुढच्यानं हात केला नाही म्हटल्यावर मागच्यांनीही केला नाही. त्यांचे डोळे चाकावर, त्यांना काय माहीत कोण उभंय. चिखल्ये म्हणाले, असेल काही विचारात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी चिखल्यांतला प्लंबर, अंगानं दांडगा आणि नाकावर माशी बसू न देणारा, रस्त्याच्या कडेला अगदी पुढे येऊन ‘ओ फ्रेमवाले!’ म्हणून ओरडला. तेव्हा दादानं नुसती मान हलवली, तीही समोर बघून, जणू झाडाला उत्तर देतोय.

‘माजलेत,’ प्लंबर म्हणाला.

त्यानंतर चिखल्यांनी पाठ फिरवून उभं राहायला सुरुवात केली. मोठी माणसं, घरी पोरंबाळं असलेली, रस्त्याकडे पाठ करून उभी! बेकरीत प्लंबरनं आपली चिखलानं माखलेली सायकल खिडकीखालच्या भिंतीला, बरोबर दादाच्या सायकलीला खेटून लावली. इस्त्रीवाल्यांनी आपलं टेबल बदललं. जोडफेरी जवळ आलेली, आणि यंदा ती नकोच अशी भाषा सुरू झाली.

सगळ्यात जास्त लागलं ते माझ्या नवऱ्याला. तो रविवारी घरी येऊन सायकल आपटायला लागला. माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर. दादाला फोन केला तर म्हणे, ‘मी कोणाला कशाला टाळू? तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात चिखल गेलाय.’ आणि फोन ठेवला. दादा असा फोन कधी ठेवत नाही.

शेवटी मीच म्हटलं, चला, समोरासमोर काय ते होऊ द्या. भिंतीवरचा एक जुना फोटो काढून नवऱ्याच्या हातात दिला, फ्रेम बदलायची म्हणून. नवरा म्हणाला, ‘ताकाला जाऊन भांडं लपवायचं?’ मी म्हटलं, ‘लपव. पण चल.’

दुकानात गेलो तेव्हा पंखा आणि रेडिओ दोन्ही चालू होते. दादा मागच्या टेबलाशी काच कापत होता. आम्ही काउंटरच्या आत गेलो. नवरा दादाच्या डाव्या हाताला, अगदी टेबलाच्या कडेशी जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून, भांडायच्या तयारीत. दादानं मान वर केली नाही. काच मोडून बाजूला ठेवली. किटलीतून कपात चहा ओतायला घेतला. चहा कपाच्या बाहेर, टेबलावर पडला. दादानं किटली जरा सरकवली, दोन थेंब पुन्हा बाहेर, मग आत. फडक्यानं टेबल पुसलं. फडकं हाताशीच होतं, म्हणजे हे रोजचं होतं.

नवऱ्यानं हाताची घडी सोडली. हळूच हात वर केला, रविवारी करायचा तसा. दादा चहा प्यायला. नवऱ्यानं हात हलवला. मग तो माझ्याकडे बघायला लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. तो दादाच्या मागून फिरून उजव्या बाजूला गेला.

‘अरे, मेहुणे!’ दादाचा चेहरा एकदम फुलला. ‘कधी आलात? आवाज तरी द्यायचा!’

इतका खरा आनंद होता तो. हा माणूस कोणाला टाळत नव्हता. त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं, बस्स.

‘मेहुणे,’ नवरा म्हणाला, ‘डाव्या डोळ्याला काय झालंय?’

‘कुठं काय? कचरा गेला असेल.’

‘दादा, माझ्याकडे बघ,’ मी म्हटलं. मी डावीकडेच उभी होते. त्यानं मान वळवली. ‘मान वळवून नाही. तसाच बघ.’

दादानं कप खाली ठेवला. रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. मग त्यानं रेडिओ बंद केला आणि सांगून टाकलं. डोळ्यामागची शीर सुकली. डाव्यानं उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. गेलेलं परत येत नाही असं डॉक्टर म्हणाले. उजवा चांगला आहे, तो चांगला राहावा म्हणून थेंब घालायचे. वहिनीला माहीत आहे, लेकीला नाही.

‘आणि तू पुढे जातोस?’ माझा आवाज चढला. ‘तुझ्यामागे लोक डोळे मिटून येतात! तुझी पोरगी येते!’

माझी भाची गेल्या वर्षापासून बापाच्या रांगेत आली होती, बहुतेक वेळा दुसरी किंवा तिसरी.

‘रस्ता पाठ आहे मला,’ दादा म्हणाला. ‘खड्डा अन् खड्डा. आजवर कोणी पडलंय का?’

‘खड्डे रोज नवे होतात, दादा.’

‘एकदाच,’ तो म्हणाला. ‘ही जोडफेरी होऊ दे. एकदा नेतो सगळ्यांना, मग मी स्वतः सोडतो. पण असं अर्ध्यातून कोणीतरी हाताला धरून बाजूला केलेलं नको मला. कीव नको.’ आणि मग टेबलावरची काच पुसत, आमच्याकडे न बघता म्हणाला, ‘बाबांचा हात आहे तो.’

मला तर त्याच क्षणी नाही म्हणायचं होतं. मी दाताच्या दवाखान्यात पेशंटना नंबरानं आत सोडते. रडणाऱ्याला, भांडणाऱ्याला, ओळख सांगणाऱ्याला, सगळ्यांना मी रोज नाही म्हणते. पण नवरा आधी बोलला.

‘यंदा दुसऱ्या नंबरला मी.’

‘तुम्ही? माझ्या चाकाला? ट्रॅक्टर घेऊन?’

‘डावीकडचं काही आलं की मी हळूच सांगेन. हात तुम्ही दाखवा. तोंड माझं, हात तुमचा. कबूल असेल तर जोडफेरी. नसेल तर मी आत्ता जाऊन तुमच्या लेकीला सांगतो.’

दादानं फडकं टेबलावर टाकलं. मग म्हणाला, ‘तुम्हाला बोटं तरी माहीत आहेत का कोणती कशाची?’

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या एकामागे एक लागायच्या. पुढच्या खुर्चीवर दादा, मागच्यावर नवरा, दोघंही वाकून. ‘डावीकडे.’ दादाचा हात खाली, त्यामागे नवऱ्याचा हात खाली. ‘अहो बोट, बोट! सगळा पंजा म्हणजे थांबा!’ इतकी वर्षं ज्याची टिंगल केली ते आमचे वीर शाळकरी पोरासारखे गिरवत होते. मी भाजी निवडत बघायची. हसू यायचं आणि मधेच भीती वाटायची, दोन्ही एकदम. नवऱ्यानं चिखल्यांना एवढंच सांगितलं की फ्रेमवाल्यांशी बोलणं झालंय, गैरसमज होता, जोडफेरी होणार. प्लंबर आला, पण दादाकडे न बघता रांगेत शिरला.

सकाळ स्वच्छ होती. मी आणि वहिनी मागून गाडीत, पाणी आणि जादा ट्यूब घेऊन. पुढे दादा, दुसरा नवरा, तिसरी भाची, मागे एक इस्त्रीवाला एक चिखल्या असे मिसळून. दादानं वेग कमी ठेवला होता, आणि तरीही ते जाड टायर घुंई घुंई करत नवऱ्याची दमछाक करत होते. एका वाकणावर सगळी रांग दिसली. दादाचा हात खाली झाला, लगेच नवऱ्याचा, भाचीचा, आणि मग शेवटापर्यंत एकेक हात खाली जात वर येत गेला. वहिनी पुटपुटत होती, ‘जमतंय. जमतंय गं.’ मीही श्वास सोडला. गावाची वेस जवळ आली होती.

तेवढ्यात समोरून वाळूचा ट्रक आला. रस्ता अरुंद, ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आमच्या गाडीच्या काचा थरथरल्या. आणि डाव्या कडेला, रांगेच्या अगदी वाटेत, गटाराच्या तोंडावरची जाळी नव्हती. कोणीतरी काढून नेलेली. चौकोनी काळं भोक. मला दिसलं. नवऱ्यालाही दिसलं, कारण त्याची मान पुढे गेली, तो ओरडला असणार. त्या हॉर्नपुढे त्याचा आवाज मला आलाच नाही, दादालाही आला नसणार. दादाचा हात हँडलवरून हलला नाही.

वहिनीनं माझा हात धरला.

नवऱ्याचा डावा हात खाली गेला. पूर्ण खाली, बोट ताठ. भाचीनं बघितलं, तिचा गेला. मागच्याचा गेला. रांग एखाद्या दोरीसारखी उजवीकडे वाकली आणि भोकाला वळसा घालून सरळ झाली. दादाचं चाक त्याच्या कडेवरून, टीचभर अंतरानं गेलं. कोणी पडलं नाही. ट्रक निघून गेला.

पण सगळ्यांनी बघितलं होतं. दुसऱ्यानं दाखवलं, पहिल्यानं नाही. इस्त्रीवाल्यांना याहून जास्त काही सांगावं लागत नाही. रांगेत माना वर झाल्या होत्या. मागे वाकलेली रांग दादाला दिसायची नाही, पण चाकांचा आवाज उजवीकडे सरकलेला त्याला कळला असणार. जरा वेळ तो तसाच पुढे जात राहिला. वेस अजून पुढे होती. मला वाटलं, आता हट्ट करणार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, घराणंच तसं आमचं.

मग त्याचं उजवं कोपर बाहेर आलं आणि झटकलं गेलं. तू ये पुढे.

दादा बाजूला झाला. नवरा पुढे गेला. दादा मागे सरकत राहिला, लेकीच्या बाजूनं, प्लंबरच्या बाजूनं, एकेकाला पुढे जाऊ देत, अगदी शेवटी आमच्या गाडीपुढे येऊन रांगेला लागला. पाठ ताठ होती. गावातून इस्त्रीवाल्यांची रांग एका चिखल्यानं बाहेर काढली, असं पहिल्यांदाच झालं. आणि आमच्या माणसानं प्रत्येक खड्डा असा दाखवला की जणू जन्मभर तेच करत आला. वहिनी रडत होती. मीही रडत होते, पण मी गाडी चालवत होते, त्यामुळे मला नीट रडता आलं नाही.

बेकरीत सायकली कुठे लावायच्या याचं कोणाला भान नव्हतं. दादानं हेल्मेट काढलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, ‘माझा डावा डोळा गेला. हे आधीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, चुकलो. आज कोणी पडलं असतं तर ते माझ्यावर होतं. आणि तुम्ही लोक डावीकडे उभे राहायचात. मला वाटायचं, यंदा तुम्हीच तिथे थांबत नाही, सरळ बेकरीत येता. मला तुम्ही दिसतच नव्हता.’

भाची पुढे झाली. मग तिनं त्याच्या हातातून हेल्मेट घेतलं आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली. दादा बसला.

प्लंबर टेबलाच्या डाव्या टोकाला होता. तो उठला. आपला चहाचा पेला घेऊन सगळ्या टेबलाला वळसा घालून आला आणि दादाच्या उजवीकडे बसला. खुर्ची कुरकुरली.

‘इथून दिसतो का?’

‘आता काय,’ दादा म्हणाला, ‘एवढा मोठा माणूस. दिसणारच.’

‘मग घ्या,’ प्लंबर म्हणाला आणि त्यानं हात वर केला.

दादानं त्या हाताकडे बघितलं. मग त्यानंही हात वर केला. आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, ‘धुवून या रे.’

‘इस्त्री मोडेल हं!’ सगळी बेकरी ओरडली. चिखल्ये तर होतेच, इस्त्रीवालेही ओरडले.

वरच्या कच्च्या वाटेला दादा शेवटीच राहिला. मी बेकरीतच थांबले होते, ते भाचीनं नंतर सांगितलं. वाट जिथे जिथे फुटली तिथे सगळे थांबले. दादा धापा टाकत पोचला की चिडायचा, ‘माझ्यासाठी थांबू नका. मी म्हटलं ना, कीव नको.’ नवऱ्यानं त्याला सांगितलं, ‘मेहुणे, हा डोंगराचा कायदा आहे. तुम्ही नसता तर तुमच्या त्या पंक्चर झालेल्या मास्तरांसाठी थांबलो असतो. ते तुमच्याही मागे आहेत.’ आणि खरंच, इस्त्रीवाल्यांतले गणिताचे मास्तर सायकल हातात धरून मागून येत होते. मग दादाही त्यांच्यासाठी थांबला.

हरले अर्थातच इस्त्रीवाले. दुपारी आमच्या अंगणात सायकली उलट्या करून धुणं चाललं होतं. प्लंबरच्या सायकलीचा चिखल दादानं स्वतः काढला, दात्यांमधला सुद्धा, ब्रश घेऊन. काम संपल्यावर मी म्हटलं, चहा झालाय, आत चला.

नवरा पुढे, त्याच्यामागे दादा, दादाच्या मागे मी, हातात ओल्या फडक्यांचा ढीग. पायऱ्यांच्या डाव्या बाजूला मळक्या पाण्याची बादली कोणीतरी ठेवली होती, बरोबर पाय पडेल अशी. मी ओरडणार होते. नवऱ्यानं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. नुसता डावा हात खाली केला आणि बोट दाखवलं.

दादा उजवीकडून गेला. आणि जाता जाता त्याचाही डावा हात खाली आला, जी बादली त्याला दिसत नव्हती तिच्याकडे बोट करून.

त्याच्या मागे फक्त मी होते. दांडीवर बसलेलीला कोणी कधी हात दाखवला नव्हता. मला बादली चांगली दिसत होती. तरी त्याच्या हाताकडे बघतच मी उजवीकडून वळले आणि घरात गेले.